बाळाची झोप : वेळ हलली तरी क्रम हलू नये

पिकाला पाणी, खत आणि आंतरमशागत वेळेवर मिळाली नाही तर उत्पादनावर काय परिणाम होतो, हे शेतकरी बंधू-भगिनींना सांगण्याची आवश्यकता नाही. घरातील तान्ह्या बाळाच्या झोपेबाबत मात्र 'झोपेल तेव्हा झोपेल' असेच धोरण बहुतेक घरांत असते. श्रीरामपूर परिसरात पीक प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने वाड्या-वस्त्यांवर जाणे होते. ऊस, सोयाबीन आणि कांद्याच्या प्रश्नांबरोबर तरुण आई-वडिलांकडून आणखी एक प्रश्न हमखास येतो : बाळ रात्रभर झोपू देत नाही आणि पहाटे पाचला धारा काढायला उठावेच लागते, यावर उपाय काय?

हा प्रश्न कृषिविद्येच्या पुस्तकात नाही. तरीही तो शेतीबाहेरचा नाही. रात्रभर जागलेला माणूस सकाळी कडबाकुट्टी चालवतो, फवारणीचे औषध मोजतो, ट्रॅक्टरवर बसतो. जागरणाने मंदावलेला हात यंत्रात जाण्यास क्षणही पुरतो. म्हणून बाळाच्या झोपेची घडी बसवणे ही बाळाच्या वाढीची, आईच्या प्रकृतीची आणि शेतावरील सुरक्षिततेचीही बाब आहे. प्रस्तुत लेखात या घडीची माहिती शेतकरी कुटुंबाच्या दिनक्रमाला धरून दिली आहे.

१. बाळाला झोप किती लागते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार चोवीस तासांत, दिवसाच्या डुलक्या धरून, पुढीलप्रमाणे झोप आवश्यक आहे.

जन्म ते ३ महिने : १४ ते १७ तास
४ ते ११ महिने : १२ ते १६ तास
१ ते २ वर्षे : ११ ते १४ तास
३ ते ४ वर्षे : १० ते १३ तास

नवजात बाळाला दिवस-रात्रीचा फरक कळत नाही. त्याचे पोट लहान असते, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी ते दुधासाठी उठते. हा दोष नव्हे, ही त्याची गरज आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, आणि त्यात रात्रीचे दूधही आले. साधारण दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान शरीरातील दिवस-रात्रीचे घड्याळ हळूहळू बसू लागते. या घड्याळाला किल्ली देणारी मुख्य गोष्ट म्हणजे उजेड. सकाळी बाळाला कोवळ्या उजेडात, पडवीत किंवा अंगणात आणावे. दिवसा झोपले असता घरातील नेहमीचे आवाज बंद करू नयेत. रात्री मात्र दिवा मंद ठेवावा, बोलणे हळू करावे आणि पाजताना खेळवू नये. एवढ्याने काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो.

लहान बाळाची झोप सलग नसते. साधारण तासाभराने ती उथळ होते, बाळ हात-पाय हलवते, कुरकुरते आणि बऱ्याच वेळा आपोआप पुन्हा झोपते. पहिल्या कुरकुरीला लगेच उचलले तर झोपेतले बाळ पूर्ण जागे होते. म्हणून क्षणभर थांबून पाहावे. खरोखर भूक असेल तर बाळ लवकरच स्पष्ट सांगते.

२. शेतकरी घरात घडी का बसत नाही?

बालसंगोपनाच्या पुस्तकांत 'रोज रात्री ठीक आठ वाजता बाळाला झोपवावे' असे लिहिलेले असते. नोकरदाराच्या घरात ते जमते. शेतकऱ्याच्या घरात घड्याळ आपल्या हातात नसते. श्रीरामपूर तालुक्याची शेती प्रवरेच्या कालव्यांवर आणि विहिरींवर उभी आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे आवर्तन सुटले की पाण्याची पाळी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्री का असेना, दारे धरावी लागतात. विहिरीच्या पाण्याचे तेच. जेथे शेतीपंपाला अजून पूर्णपणे दिवसाची वीज मिळत नाही, तेथे एक आठवडा दिवसा तर दुसरा आठवडा रात्री मोटर चालते. त्यात पहाटेच्या व सायंकाळच्या धारा, डेअरीत दूध घालण्याची वेळ, कांद्याची लागवड आणि काढणी, उसाची तोड. घरातील माणसांची झोप अशी दर आठवड्याला सरकते आणि बाळाचीही तिच्याबरोबर विस्कटते.

अशा परिस्थितीत शहरी वेळापत्रक जसेच्या तसे घेणे म्हणजे बागायती वाणाची शिफारस कोरडवाहू जमिनीत वापरण्यासारखे आहे. शिफारस जमिनीप्रमाणे बदलावी लागते. बालसंगोपनात हे महाराष्ट्राने पूर्वी करून दाखवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला (आताचा पालघर जिल्हा) आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि गुरे चारतात, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरवली. कामाची वेळ बदलता येत नसेल तर पद्धत बदलावी, हा धडा बाळाच्या झोपेलाही लागू पडतो.

३. घड्याळ नव्हे, क्रम पक्का करावा

बाळाला घड्याळ वाचता येत नाही. त्याला 'यानंतर हे' एवढेच कळते, आणि ते फार लवकर कळते. गोठ्यात बादलीचा आवाज झाला की गाय पान्हा सोडते, तसेच ठराविक क्रमाने गोष्टी घडू लागल्या की बाळाचे शरीर झोपेची तयारी करू लागते. म्हणून शेतकरी घरात झोपेची वेळ अर्धा-पाऊण तास मागे-पुढे झाली तरी चालेल. झोपेआधीच्या कामांचा क्रम मात्र रोज तोच असावा.

या म्हणण्याला प्रयोगाचा आधार आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सात महिने ते तीन वर्षे वयाची मुले असलेल्या ४०५ मातांचा समावेश होता. पहिला आठवडा नेहमीप्रमाणे गेला. पुढील दोन आठवडे काही मातांनी रोज रात्री अंघोळ, हलके मालीश आणि शांतपणे अंगाई किंवा जवळ घेणे असा ठराविक क्रम पाळला. त्यांची मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि मातांची मनःस्थितीही सुधारली.

आपल्या घरासाठी पुढील पाच पायऱ्यांचा क्रम सोयीचा आहे. यास एकूण वीस ते तीस मिनिटे पुरतात.

(१) टीव्ही व मोबाइल बंद करून खोलीतील दिवा मंद करावा.
(२) कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने बाळाचे हात, पाय, तोंड व अंग पुसावे. रोज रात्री अंघोळ घालण्याची गरज नाही.
(३) दोन मिनिटे हलक्या हाताने पायांना व पाठीला तेल लावावे आणि कोरडे सुती कपडे घालावेत. नाका-कानात तेल सोडू नये.
(४) बाळाला पोटभर अंगावर पाजावे. सहा महिन्यांनंतर वरचे जेवण आधी द्यावे आणि दूध शेवटी.
(५) रोज तीच अंगाई किंवा ओवी म्हणावी आणि रोजच्या जागी बाळाला ठेवावे.

वरील क्रम केव्हा सुरू करावा यासाठी बाळाकडे पाहावे. पेरणी करताना आपण वापसा पाहतो. जमीन ओली असताना तिफण घातली तर चिखल होतो आणि उशीर केला तर ओल उडून जाते. झोपेचाही वापसा असतो. बाळ डोळे चोळते, जांभई देते, कान ओढते, खेळण्यावरून नजर काढते, तेव्हा क्रम सुरू करावा. ही वेळ टळली की बाळ अतिशय दमते आणि दमलेले बाळ लवकर झोपण्याऐवजी जास्त रडते. 'दुपारी झोपू दिले नाही म्हणजे रात्री गाढ झोपेल' हा समज त्यामुळेच चुकीचा ठरतो.

शक्य असेल तेव्हा बाळाला पूर्ण झोप लागण्याआधी, डोळे जड झाले असताना अंथरुणावर ठेवावे. जे बाळ झोक्याशिवाय झोपतच नाही, ते रात्री उथळ झोपेत आले की पुन्हा झोकाच मागते. ही सवय एकदम तोडू नये. रोपवाटिकेत लागवडीपूर्वी रोपे कणखर करताना आपण पाणी एकदम तोडत नाही, हळूहळू कमी करतो. तसेच झोका आधी मंद करावा, मग लवकर थांबवावा, मग नुसते थोपटावे. यास दोन-तीन आठवडे लागले तरी हरकत नाही.

४. दोन आठवड्यांचे नमुना वेळापत्रक

समजा, घरात आई, वडील, आजी, आजोबा, आठ महिन्यांचे बाळ, दोन गायी आणि तीन एकर ऊस आहे. आपल्या भागातील विजेच्या वेळेप्रमाणे पुढील वेळांत बदल करावा.

दिवसा वीज असलेला आठवडा

सायं. ५.३० ते ६.३० : आई-वडील धारा काढतात. बाळ आजीकडे.
सायं. ६.४५ : बाळाचे जेवण. घरातील इतरांचा स्वयंपाक.
रात्री ७.३० ते ८.०० : झोपेचा क्रम. अंग पुसणे व कपडे वडिलांकडे, पाजणे आईकडे.
रात्री ८.०० : बाळ झोपते.
रात्री बाळ उठल्यास : आई पाजते. लंगोट बदलणे व थोपटणे वडिलांकडे.
पहाटे ५.०० : आई धारा काढते. बाळाजवळ वडील, नंतर आजी.

रात्री वीज असलेला आठवडा (वीज रात्री १० वाजता येते असे धरून)

सायं. ५.०० ते ६.०० : धारा अर्धा तास अलीकडे घ्याव्यात.
सायं. ६.१५ : बाळाचे जेवण.
सायं. ७.०० ते ७.३० : झोपेचा तोच क्रम, त्याच माणसांनी.
रात्री ७.३० ते ९.३० : वडिलांनी जेवून दोन तास झोप घ्यावी.
रात्री ८.३० : आईने बाळाजवळ झोपावे. उरलेली भांडी सकाळी.
रात्री बाळ उठल्यास : आई पाजते, मदतीला आजी.
पहाटे ५.०० : धारा आजोबा व आजी यांनी काढाव्यात. आईने बाळाबरोबर सहापर्यंत पडून राहावे.
सकाळी : वडिलांनी उठून आलेल्या बाळाला उजेडात न्यावे, मग स्वतः झोपावे.

दोन्ही आठवड्यांत अर्ध्या तासाचाच फरक पडला आहे आणि पाचही पायऱ्या जागच्या जागी आहेत, हे लक्षात येईल. ज्या घरात आजी-आजोबा नाहीत, तेथे रात्रपाळीच्या आठवड्यात शेजारच्या कुटुंबाशी पाणी धरण्याची सावड करावी. मळणीला, लागवडीला सावड होते, मग पाण्याला का होऊ नये? तीही जमत नसेल तर पंपाला ऑटो स्विच व ठिबकला टायमर बसवण्याचा खर्च हा केवळ पाण्याचा खर्च समजू नये, तो घरच्या झोपेचाही आहे.

पहिले तीन-चार दिवस फरक दिसणार नाही. काही वेळा बाळ जास्तच किरकिर करते. दात येताना, ताप आल्यावर, लस टोचल्यानंतर किंवा आईच्या माहेरी जाऊन आल्यावर घडी मोडते. मोडली म्हणून सोडून देऊ नये. बाळ बरे झाले की दुसऱ्या दिवसापासून तोच क्रम पुन्हा धरावा. साधारण आठ-नऊ महिन्यांचे बाळ आई दिसेनाशी झाली की घाबरून रडते. हा हट्ट नसून वाढीचा टप्पा आहे. अशा वेळी जवळ बसून, न उचलता, हात ठेवून थोपटावे.

५. झोपण्याची जागा

बाळाला नेहमी पाठीवर झोपवावे. कुशीवर किंवा पालथे झोपवू नये. अंथरूण सपाट व किंचित कडक असावे. एक वर्षापर्यंत उशी, मऊ गादी, जाड गोधडी किंवा वाकळ बाळाच्या तोंडाजवळ ठेवू नये. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत असावे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपते. त्यावेळी बाळ दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नसावे, एका जाड पांघरुणाखाली सर्वांनी झोपू नये, आणि ज्याने दारू घेतली आहे किंवा झोप आणणारे औषध घेतले आहे त्याने बाळाजवळ मुळीच झोपू नये.

लुगड्याची झोळी बाळाला शांत करण्यास चांगली आहे. परंतु झोळीत बाळाची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते व श्वासास अडथळा येऊ शकतो. म्हणून माणूस समोर असतानाच झोळी वापरावी आणि झोप लागली की बाळ सपाट जागी ठेवावे. रिकामी झोळी सोडून बांधून ठेवावी. मोठी मुले तीत खेळताना कापडाचा फास बसतो.

मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतो. चावल्याचे दुखणे किंवा सूज फारशी नसते. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसतात आणि तोपर्यंत वेळ गेलेला असतो. शक्यतो बाजेवर किंवा खाटेवर झोपावे, आणि जमिनीवर झोपणे अटळ असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. मच्छरदाणीने डास व विंचूही दूर राहतात आणि कॉइलच्या धुरापासून बाळाची सुटका होते. सर्पदंशाचा संशय जरी आला तरी मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात. बाळाला धुरी देण्याची पद्धतही सोडावी, कारण धूर कशाचाही असला तरी कोवळ्या फुप्फुसांना अपायकारकच आहे. उबेसाठी टोपडे, मोजे, कोरडे कपडे आणि आईची ऊब पुरेशी आहे.

येथे कृषिविद्येचा शिक्षक म्हणून एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठीत टाकल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतील ओलीने विरघळून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सोडतात. ज्या खोलीत अशी कोठी असेल त्या खोलीत किंवा तिच्या शेजारच्या खोलीत कोणीही झोपू नये. या वायूची सर्वांत जास्त बाधा लहान मुलांना होते. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. त्यांचा वापर शासकीय यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. घरच्या धान्यासाठी कडक उन्हात चांगले वाळवणे, हवाबंद पत्र्याची कोठी आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला हेच योग्य. खते, कीटकनाशके, तणनाशके व त्यांच्या रिकाम्या बाटल्या झोपण्याच्या खोलीत, खाटेखाली किंवा फडताळात ठेवू नयेत. फवारणी करून आलेल्या माणसाने कपडे बदलून, साबणाने अंघोळ केल्याशिवाय बाळाला उचलू नये, आणि ते कपडे बाळाच्या कपड्यांत धुऊ नयेत.

६. झोपेसाठी काहीही पाजू नये

कामावर जाणाऱ्या आईची अडचण आजची नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया पाळीवर जाताना बाळाला अफूची 'बाळागोळी' देत, म्हणजे ते दिवसभर पडून राही. त्या बायका निर्दयी नव्हत्या. बाळ सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. पण अफूने बाळाची भूक मरते आणि श्वास मंदावतो. पुढे गिरण्यांतून पाळणाघरांची मागणी झाली, ती याच अनुभवातून.

आज अफू राहिली नाही, परंतु तिची जागा इतर गोष्टींनी घेतली आहे. गुटीत जायफळ जास्त उगाळणे, झोप येते म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजणे, शेजारच्या मुलाचे उरलेले औषध देणे हे प्रकार सर्रास आढळतात. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी पदार्थ आढळला आणि वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत अशी सूचना दिली. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय बाळाला कोणतेही औषध देऊ नये. सहा महिन्यांपर्यंत गुटी, पाणी काहीच नको आणि एक वर्षापर्यंत मध चाटवू नये. घरातील वडीलधाऱ्यांना हे सांगताना त्यांचा अनुभव मोडीत काढू नये. आजीचे तेल लावणे, अंगाई म्हणणे आणि मांडीवर घेणे हे सर्व औषधाहून गुणकारी आहे, तेच तिच्याकडे सोपवावे.

बाळ शांत राहते म्हणून हातात मोबाइल देणे हीसुद्धा एक प्रकारची नवी बाळागोळीच आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको आणि झोपण्यापूर्वीचा तास तर मुळीच नको.

७. शेतावरचे बाळ

लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत बाळ शेतावर येणारच. त्याची दुपारची झोप तेथेही मोडू नये. सावलीतील एक जागा ठरवावी, घरचेच दुपटे अंथरावे, तीच ओवी म्हणावी. जागा बांधापासून, कडब्याच्या गंजीपासून व मुंग्यांच्या वारुळापासून दूर असावी आणि वाऱ्याच्या दिशेने फवारणी चालू असेल तर बाळ त्या शिवारात नसावे. बाळाजवळ कायम एक मोठे माणूस असावे. सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर बाळ सोडू नये. तीही मूलच आहे.

ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आसरा उघडा पडतो आणि तो वस्तीकडे सरकतो. आपल्या जिल्ह्याच्या ऊस पट्ट्यात हा धोका आता नेहमीचा झाला आहे. मुलांना अंगणात किंवा उघड्या पडवीत झोपवू नये. दिवेलागणीनंतर लहान मुलाला एकटे बाहेर बसवू नये. झोपेच्या क्रमातच 'शू करून येणे' मोठ्या माणसाबरोबर आणि उजेडात उरकावे. रांगत्या मुलासाठी गोठ्यातील हौद झाकावा आणि शेततळ्याला कुंपण घालावे. शेततळ्याचा कागद निसरडा असल्याने आत पडलेल्या मुलाला वर येता येत नाही.

बीड, पाथर्डी, शेवगाव भागातून तोडीसाठी आलेल्या कुटुंबांची तान्ही बाळे कोपीत झोपतात आणि पहाटे तीन-चारला आईबरोबर फडात येतात. ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या शेतकऱ्याने एवढे तरी करावे : फडाच्या एका टोकाला सावलीची, ट्रॉलीच्या वाटेपासून दूर असलेली जागा मुलांसाठी राखावी, पिण्याचे पाणी ठेवावे, ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी उसाच्या पाल्यात कोणी मूल झोपले नाही ना हे ड्रायव्हरला उतरून पाहण्यास सांगावे, आणि गावातील अंगणवाडी सेविकेला या मुलांची माहिती द्यावी.

८. आईची झोप

बाळाची घडी बसली तरी आईची झोप आपोआप होत नाही. बाळ झोपले की ती राहिलेली कामे काढते. पहिले सहा महिने बाळाच्या दिवसाच्या एका झोपेत आईनेही झोपलेच पाहिजे, असा घराचा नियम करावा. रात्री वडिलांनी बाळाचे लंगोट बदलले, खांद्यावर घेऊन ढेकर काढली, तर त्यात कमीपणा काही नाही. रात्री गाय विताना जो शेतकरी कंदील घेऊन गोठ्यात बसतो, त्याला हे अवघड नाही.

बाळ झोपले असतानाही आईला झोप न येणे, सतत रडू येणे, बाळाविषयी काही न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर ती नाटके नव्हेत, तो उपचाराने बरा होणारा आजार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

९. डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

तीन महिन्यांखालील बाळाला ताप असल्यास, बाळ दूध ओढत नसल्यास, नेहमीपेक्षा सुस्त असून उठवूनही नीट जागे होत नसल्यास, श्वास जलद चालत असल्यास किंवा छाती आत ओढली जात असल्यास घडी बसवण्याच्या नादात वेळ घालवू नये, त्वरित दवाखाना गाठावा. रोज रात्री मोठ्याने घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे किंवा वजन न वाढणारे मूलही एकदा तपासून घ्यावे.

सारांश

शेतकरी घरातील कामाच्या वेळा पाणी, वीज, गाय आणि हंगाम ठरवतात. त्या बदलणे बहुतांशी आपल्या हाती नाही. दिवा मंद करणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, पाजणे आणि अंगाई हा क्रम मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. तो दोन्ही आठवड्यांत तोच ठेवावा आणि त्यातील कामे घरातील सर्वांनी वाटून घ्यावीत. बाळाला पाठीवर, सपाट जागी, मच्छरदाणीत झोपवावे. झोपेसाठी काही पाजू नये. धान्याच्या विषारी गोळ्या व कीटकनाशके घराबाहेर काढावीत. येत्या रात्रपाळीच्या आठवड्याची वाट न पाहता आज सायंकाळच्या धारा झाल्या की पहिली पायरी सुरू करावी.